‘ओ पेअर’ : परक्या घरातले एक वर्ष

परदेशातील एखाद्या कुटुंबात राहायचे, त्या घरातील लहान मुलांची देखभाल करायची आणि त्या बदल्यात राहण्या-जेवणाची सोय, थोडा हातखर्च व तेथील भाषा शिकण्याची संधी मिळवायची, या व्यवस्थेला ‘ओ पेअर’ असे नाव आहे. असे वास्तव्य करणाऱ्या तरुणीला किंवा तरुणालाही हेच नाव आहे. मूळ फ्रेंच शब्दांचा अर्थ ‘बरोबरीच्या नात्याने’ असा होतो. ओ पेअर घरात नोकर म्हणून येत नाही. तिने कुटुंबाच्या पंक्तीत बसून जेवावे, सणावारात सहभागी व्हावे, मुलांनी तिला थोरल्या बहिणीसारखे मानावे, अशी यामागची कल्पना आहे. पुण्या-मुंबईत जर्मन शिकणाऱ्या मुलामुलींच्या कानावर हा शब्द हमखास पडतो.

कागदोपत्री हा सांस्कृतिक देवाणघेवाणीचा कार्यक्रम आहे. प्रत्यक्षात ती देवाणघेवाण किती होते, हे यजमानांच्या चांगुलपणाइतकेच त्या घराच्या चार भिंतींबाहेर काय घडते यावरही अवलंबून असते. ओ पेअरचे मासिक मेळावे, भाषेचे वर्ग, सामूहिक सहली आणि सणांचे कार्यक्रम यांचे महत्त्व इथेच आहे.

प्रथेची सुरुवात

भाषा आणि घरकाम शिकण्यासाठी मुलींना परक्या घरी वर्षभर ठेवण्याची चाल युरोपात जुनी आहे. स्वित्झर्लंडच्या जर्मनभाषक भागातील कुटुंबे आपल्या मुलींना फ्रेंचभाषक भागात एका वर्षासाठी पाठवीत. दुसऱ्या महायुद्धानंतर मध्यमवर्गीय घरांत कायम राहणारे नोकर परवडेनासे झाले आणि तरुणांना परदेश पाहण्याची ओढ लागली. या दोन्ही गोष्टींमुळे ही पद्धत ब्रिटन, फ्रान्स व जर्मनीत पसरली.

तिला नियमांची चौकट मिळाली ती १९६९ मध्ये. ‘कौन्सिल ऑफ युरोप’ने २४ नोव्हेंबर १९६९ रोजी स्ट्रासबर्ग येथे ओ पेअरविषयक करार स्वाक्षरीसाठी खुला केला व १९७१ पासून तो अमलात आला. ओ पेअरचे वय साधारणपणे १७ ते ३० असावे, तिला दिवसाला ५ तासांहून अधिक काम नसावे, आठवड्यात किमान एक दिवस पूर्ण सुटी मिळावी, भाषेच्या वर्गाला जाण्याइतका मोकळा वेळ मिळावा आणि एकूण वास्तव्य दोन वर्षांपलीकडे जाऊ नये, अशी त्यातील मुख्य कलमे आहेत. ओ पेअर विद्यार्थीही नाही आणि कामगारही नाही, तिचा वर्ग वेगळा आहे, असे हा करार मानतो. मात्र मोजक्याच देशांनी त्याला औपचारिक मान्यता दिली. बाकीच्यांनी आपापले नियम केले.

देशोदेशीचे नियम

जर्मनीत युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या ओ पेअरने व्हिसासाठी अर्ज करताना वयाची २७ वर्षे पूर्ण केलेली नसावीत. जर्मन भाषेचे ‘ए-१’ पातळीचे ज्ञान असावे लागते. काम दिवसाला ६ व आठवड्याला ३० तासांपेक्षा जास्त देता येत नाही. आठवड्यातून किमान दीड दिवस सुटी आणि वर्षभराच्या वास्तव्यात चार आठवड्यांची रजा मिळते. वास्तव्य सहा महिने ते एक वर्ष असते आणि ही संधी एकदाच मिळते. आरोग्य व अपघात विम्याचा खर्च यजमान कुटुंबाने करायचा असतो, तसेच दरमहा हातखर्चाबरोबर भाषावर्गाच्या शुल्कातही वाटा उचलायचा असतो. घरात जर्मन बोलली जावी, ही अटही महत्त्वाची आहे. यजमानांची मातृभाषा जर्मन नसेल, तर त्यांच्याच मायदेशातून ओ पेअर आणता येत नाही. भाषा शिकण्याचा मूळ हेतू बाजूला पडू नये, यासाठी ही खबरदारी आहे.

फ्रान्सने २०१८ च्या कायद्यान्वये ओ पेअरसाठी स्वतंत्र वास्तव्य-परवाना सुरू केला. तेथे आठवड्याला २५ तासांची मर्यादा आहे.

अमेरिकेत हा कार्यक्रम १९८६ मध्ये सुरू झाला. तो ‘जे-१’ या देवाणघेवाण व्हिसाखाली येतो आणि परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेल्या संस्थांमार्फतच चालतो. १८ ते २६ वयाच्या ओ पेअरला दिवसाला १० व आठवड्याला ४५ तासांपर्यंत काम करावे लागते. युरोपच्या मानाने हे ओझे मोठे आहे. आठवड्यातून दीड दिवस, महिन्यातून एक संपूर्ण शनिवार-रविवार आणि वर्षातून दोन आठवडे पगारी सुटी मिळते. झोपण्यासाठी स्वतंत्र खोली देणे बंधनकारक आहे. मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेत सहा ‘क्रेडिट’चे शिक्षण घ्यावे लागते व त्यासाठी यजमान कुटुंब ५०० डॉलरपर्यंत खर्च देते. मुलांच्या ताब्यात जाण्यापूर्वी ओ पेअरला ३२ तासांचे प्रशिक्षण दिले जाते. त्यांपैकी ८ तास बालसुरक्षेसाठी व २४ तास बालविकासासाठी असतात.

महिन्याचा मेळावा

अमेरिकी नियमावलीत एक तरतूद वरवर किरकोळ वाटते. ज्या घरी ओ पेअर ठेवायची, ते घर संस्थेच्या स्थानिक प्रतिनिधीपासून मोटारीने एका तासाच्या अंतरात असले पाहिजे. या प्रतिनिधीने ओ पेअर व कुटुंब या दोघांशी महिन्यातून किमान एकदा संपर्क साधायचा असतो. या व्यवस्थेतूनच त्या परिसरातील सर्व ओ पेअरच्या मासिक मेळाव्याची पद्धत रुजली. त्याला ‘क्लस्टर मीटिंग’ म्हणतात. ऑक्टोबरात भोपळे कोरणे, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या ‘थँक्सगिव्हिंग’च्या निमित्ताने एकत्र जेवण, हिवाळ्यात बर्फावरचे स्केटिंग, एखाद्या संग्रहालयाची भेट असे त्याचे स्वरूप असते. कधी प्रत्येकीने आपल्या देशाचा एकेक पदार्थ करून आणायचा असतो. यजमान कुटुंबांनाही वर्षातून किमान एकदा संस्थेने भरवलेल्या कुटुंब-मेळाव्याला हजर राहावे लागते.

जर्मनीत हे काम अनेकदा ख्रिस्ती समाजसेवी संस्था करतात. नोकरीसाठी एकट्याने शहरात येणाऱ्या मुलींच्या संरक्षणासाठी एकोणिसाव्या शतकात स्थापन झालेल्या ‘इन व्हिया’ (कॅथलिक) आणि ‘फेराइन फ्युअर इंटरनात्सिओनाले युगेंडआर्बाइट’ (प्रोटेस्टंट) या दोन संघटना पुढे ओ पेअरच्या मार्गदर्शनाकडे वळल्या. रेल्वे स्थानकावर उतरणाऱ्या अनोळखी मुलीला सुरक्षित घर दाखवणे हे त्यांचे जुने काम होते. आजचे ओ पेअर सल्ला-केंद्र त्याच कामाचा पुढचा टप्पा आहे.

या मेळाव्यांत मौज असतेच. पण त्यांचे खरे मोल वेगळे आहे. ओ पेअरचे कामाचे ठिकाण आणि राहण्याचे ठिकाण एकच असते. मालक, घरमालक आणि पालक या तिन्ही भूमिका एकाच दांपत्याकडे असतात. शेजारी सहकारी नसतो, कामगार संघटना नसते, भाषाही अर्धवटच येत असते. आपल्या घरात घडते आहे ते सर्वत्र असेच असते की काय, हे तिला कळायला मार्ग नसतो. मेळाव्यात दुसरी सहज विचारते, ‘तुला रविवारी सुटी असते ना?’ आणि त्या एका प्रश्नाने डोळे उघडतात. कामाचे तास, हातखर्च, खोलीची स्थिती यांची तुलना इथेच होते. घर बदलण्याची वेळ आली, तर धीर आणि माहितीही इथूनच मिळते.

सण, स्वयंपाक आणि भाषा

देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी व्हावी लागते. जर्मनीत ११ नोव्हेंबरला संत मार्टिनच्या दिवशी लहान मुले कागदी कंदील हातात घेऊन संध्याकाळी गाणी म्हणत मिरवतात. हे कंदील बालवाडीत किंवा घरी तयार होतात आणि पुष्कळदा मुलांच्या जोडीला ओ पेअरच असते. दिवाळीही याच सुमारास येते. आकाशकंदील करता येणाऱ्या मराठी मुलीला तेथे रमण्यासाठी फारशा भाषेची गरज पडू नये. पुढे ६ डिसेंबरला संत निकोलसचा दिवस येतो, त्या आदल्या रात्री मुले बूट घासूनपुसून दाराबाहेर ठेवतात. असे बारकावे पाठ्यपुस्तकात वाचून समजतात, पण अंगवळणी पडतात ते मुलांबरोबर राहूनच.

भाषेसाठी जर्मनीतील ‘फोल्क्सहोखशूले’ ही प्रौढशिक्षण केंद्रे उपयोगी पडतात. ती गावोगावी आहेत, त्यांचे शुल्क तुलनेने कमी असते आणि एकाच वर्गात अनेक देशांचे विद्यार्थी असतात. ‘टँडेम’ ही पद्धतही लोकप्रिय आहे. दोघे जण भेटतात, अर्धा वेळ एकाच्या भाषेत व अर्धा वेळ दुसऱ्याच्या भाषेत बोलतात. त्यात पैशांचा व्यवहार नसतो. सार्वजनिक ग्रंथालयांतील मुलांच्या गोष्टींचा तास हाही नवी भाषा कानावर पडण्याचा उत्तम मार्ग आहे.

आपल्या माणसांचा आधार मिळतो तो मराठी मंडळांचा. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेतील मंडळांची बृहन्महाराष्ट्र मंडळ ही मध्यवर्ती संस्था १९८१ पासून काम करते आणि जर्मनीच्या मोठ्या शहरांतही मराठी माणसे गणेशोत्सव व दिवाळीला एकत्र जमतात. परंतु सारा मोकळा वेळ आपल्याच माणसांत घालवला, तर घेण्याची बाजू लंगडी पडते. यजमान कुटुंबाला अशा उत्सवाला बरोबर नेणे हा त्यावरचा चांगला तोडगा आहे.

देवाणघेवाण की स्वस्त मजुरी?

या व्यवस्थेवरचा मुख्य आक्षेप असा, की संस्कृतीच्या नावाखाली श्रीमंत घरांना स्वस्तात घरकाम करून मिळते. आक्षेप निराधार नाही. अमेरिकेत २००९ पासून ओ पेअरचा किमान आठवडी मोबदला १९५ डॉलर ७५ सेंट धरला जातो. ४५ तासांच्या संघीय किमान वेतनातून राहण्या-जेवणापोटी ४० टक्के वजा करून हा आकडा निघतो. संस्थांनी संगनमताने मोबदला याच पातळीवर बांधून ठेवला, असा आरोप करणारा दावा काही माजी ओ पेअरनी २०१४ मध्ये डेन्व्हरच्या न्यायालयात दाखल केला. जानेवारी २०१९ मध्ये साडेसहा कोटी डॉलरच्या तडजोडीने तो मिटला. संस्थांनी आरोप मान्य केले नाहीत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बोस्टन येथील संघीय अपील न्यायालयाने मॅसॅच्युसेट्स राज्याचा घरकामगार कायदा ओ पेअरनाही लागू असल्याचा निर्वाळा दिला.

फिलिपाइन्सने १९९८ मध्ये आपल्या तरुणींना ओ पेअर म्हणून युरोपात पाठवण्यावर बंदी घातली होती. २०१० पासून ती टप्प्याटप्प्याने उठवली गेली. डेन्मार्कमध्ये ‘कारितास’ ही समाजसेवी संस्था आणि ‘एफओए’ ही कामगार संघटना यांनी मिळून ओ पेअरसाठी सल्ला व मेळाव्यांचे जाळे उभे केले. नॉर्वेने मात्र मार्च २०२४ मध्ये युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरील तरुणांसाठी ही योजनाच बंद केली. ब्रिटनमधील स्वतंत्र ओ पेअर व्हिसा तर २००८ मध्येच इतिहासजमा झाला. एकाच प्रश्नाची ही वेगवेगळी उत्तरे आहेत: कोणी देखरेख वाढवली, कोणी न्यायालयाचा मार्ग धरला, कोणी दारच लावून घेतले.

जाण्यापूर्वी

महाराष्ट्रातून जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी जर्मनी हा सरळ मार्ग आहे. मुंबई व पुणे येथील मॅक्सम्युलर भवनांत ‘ए-१’ परीक्षेची सोय आहे. अर्ज करण्यापूर्वी पुढील गोष्टींची खातरजमा करावी.

लेखी करार असावा आणि त्यात कामाचे तास, सुटी, हातखर्च, विमा व भाषावर्गाचा खर्च यांचा स्पष्ट उल्लेख असावा. हलक्या घरकामात मदत करणे अपेक्षित असते. संपूर्ण घराची साफसफाई किंवा आजारी वृद्धांची शुश्रूषा त्यात बसत नाही. यजमानांशी आधी दूरध्वनीवर किंवा संगणकावर प्रत्यक्ष बोलावे, मुलांनाही पाहावे. त्या घरात आधी राहिलेल्या ओ पेअरशी संपर्क करून देण्यास यजमान टाळाटाळ करीत असतील, तर सावध व्हावे. अनोळखी मध्यस्थाला आगाऊ पैसे पाठवू नयेत. जवळचे सल्ला-केंद्र कोठे आहे आणि परिसरात इतर ओ पेअर भेटतात का, याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी. पारपत्र स्वतःजवळच ठेवावे. ते मागण्याचा अधिकार यजमानांना नाही. संकटात युरोपात ११२ व अमेरिकेत ९११ हा क्रमांक लागतो.

शेजारच्या बाईंना ‘काकू’ म्हणत वाढलेल्या मुलीला यजमानीण बाईंना एकेरी नावाने हाक मारणे पहिले काही दिवस जड जाते. पण त्या नावाने हाक मारण्यातच बरोबरीचे नाते गृहीत आहे. ते टिकवण्याची जबाबदारी कुटुंबाची, संस्थेची आणि सरकारचीही आहे. ज्या गावात ओ पेअरला आठवड्यातून एकदा तरी घराबाहेर पडून आपल्यासारख्या चौघींना भेटता येते, तेथे ती जबाबदारी टाळणे कोणालाही सोपे जात नाही.