दीड टन म्हणजे नेमकं काय? : फिरत्या खोलीतल्या थेंबांची गोष्ट

ज्यांना हेडफोन सापडत नाहीयेत त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतोय. बोललेलं जसंच्या तसं नाही, थोडं झाडून-पुसून.

सुरुवात पुसदपासून. आषाढातली रात्र, पूस धरणाच्या बाजूला एका ओळखीच्यांचं शेत. आमच्या एका मित्रानं हौसेनं एक छोटा कॅम्पर तयार केला होता. जीपच्या मागं ओढायची दोन चाकांची ट्रॉली, तिच्यावर प्लायवूड आणि पत्र्याची खोली. लांबी दहा फूट, रुंदी सहा, उंची सहा. मागच्या भिंतीत जुना पाऊण टनी विंडो एसी बसवलेला. वीज शेतातल्या घरातून वायर टाकून घेतली. आम्ही तिघं आत, बाहेर रिपरिप पाऊस. राजेशाही थाट!

रात्री तीनच्या सुमारास पाठ ओली लागली म्हणून जाग आली. गादी भिजलेली. मित्र उठून छताकडं टॉर्च मारत म्हणाला, "अबे, छत गयते का बे?" छत ठणठणीत होतं. पाणी एसीतून येत होतं, तेही आतल्या बाजूनं. सकाळी गादी वाळत घातली, पण खालच्या प्लायवूडनं जे पाणी प्यायलं ते प्यायलंच. दिवाळीपर्यंत कोपऱ्यातले पापुद्रे सुटले, आणि मित्राची वर्षभराची बचत त्या फळ्यांमध्ये होती.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न. हे पाणी येतं कुठून, आणि माणसानं आजवर त्याचं काय केलं?

तर मंडळी, चला १९०२ सालच्या न्यूयॉर्कला. ब्रुकलिन भागात सॅकेट अँड विल्हेल्म्स नावाचा रंगीत छपाईचा कारखाना होता. रंगीत छपाईत एकाच कागदावर एकेक रंग वेगवेगळा चढवतात. उन्हाळ्यात हवा दमट झाली की कागद फुगायचा, कोरडी झाली की आखडायचा. म्हणजे पिवळा रंग एका जागी बसायचा आणि लाल जरासा सरकून. अख्खी छपाई वाया. हे काम बफेलो फोर्ज कंपनीतल्या विलिस कॅरियर नावाच्या पंचविशीतल्या इंजिनिअरकडं आलं. त्यानं गार नळ्यांवरून हवा फिरवायची योजना आखली. त्या आराखड्यांची तारीख १७ जुलै १९०२ अशी सांगितली जाते, आणि तोच आधुनिक एसीचा जन्मदिवस धरतात.

आता यातली गंमत बघा. कॅरियरला कुणालाही गार करायचं नव्हतं, त्याला हवेतलं पाणी काढायचं होतं! गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो ना, तेच तत्त्व. हवा गार नळीला टेकली की तिच्यातली वाफ पाणी होऊन गळते. आपण ज्याला एसीचा वैताग म्हणतो, ते पाणी हाच त्या यंत्राचा मूळ माल होता. गारवा वरचा फायदा.

'एअर कंडिशनिंग' हा शब्द आला १९०६ मध्ये, स्टुअर्ट क्रेमर या माणसाकडून. तो कापडगिरण्यांचा इंजिनिअर. त्याचं दुखणं बरोबर उलटं होतं : हवा कोरडी पडली की सूत तुटतं, म्हणून गिरणीच्या हवेत ओलावा घालायचा. कापसाच्या जिल्ह्यातल्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही. शब्द कापसाच्या धाग्यातून आलाय.

आपल्याकडं मात्र गारव्याचा रस्ता शेकडो वर्षं एकच होता, हवेत पाणी घालायचा. वाळ्याच्या ताट्या, त्यावर पाणी मारायचं, वारा आत आला की गार. विदर्भातला कूलर हा त्याच ताटीचा नातू, फक्त त्याला पंखा आणि पाण्याची मोटर लागली. म्हणजे कूलर हवेत पाणी ओततो, एसी हवेतून पाणी उपसतो. एकाच घरात दोन्ही एकदम चालू ठेवणारे महाभाग मी पाहिलेत. त्यांच्या वीजबिलाला माझा नमस्कार.

आता टनाकडं येऊ. दुकानात आपण "दीड टनाचा द्या" म्हणतो. एसीचं वजन दीड टन नसतं, मग हा टन कुठला? बर्फाचा! यंत्रं यायच्या आधी गारवा म्हणजे बर्फच होता. १८३३ मध्ये बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनं तळ्यातला बर्फ भुशात गुंडाळून जहाजानं कलकत्त्याला आणला होता, वाटेत बराच वितळूनही उरलेला विकला. पुढं यंत्रं आली तेव्हा त्यांची ताकद लोकांना कळेल अशा मापात सांगायची होती. म्हणून ठरलं की एक अमेरिकी टन, म्हणजे साधारण ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढं काम म्हणजे एक टन. तुमचा दीड टनी एसी पूर्ण ताकदीनं दिवसभर चालला, तर त्यानं जवळपास १,३६० किलो बर्फाचं काम केलं.

आणि हे नुसतं कागदावरचं माप नव्हे. मुंबईहून पेशावरला जाणारी फ्रंटियर मेल १९२८ मध्ये सुरू झाली, बॉम्बे बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची मानाची गाडी. हीच आजची गोल्डन टेम्पल मेल. १९३४ मध्ये तिला वातानुकूलित डबा जोडला गेला, भारतातल्या अगदी पहिल्या अशा डब्यांपैकी एक. त्यात कॉम्प्रेसर वगैरे नव्हता. डब्याच्या खाली बंद पेट्यांमध्ये बर्फाच्या लाद्या ठेवायच्या, त्यांच्यावरून गार झालेली हवा पंख्यानं आत सोडायची आणि वाटेतल्या ठरलेल्या स्टेशनांवर नव्या लाद्या भरायच्या. माझ्या मते आपल्या कॅम्परचा खरा आजा हाच. चाकांवरची बंद खोली, आत झोपलेली माणसं आणि सतत होणारं पाणी. फरक एवढाच की तिथं गारव्याची जागा पायाखाली होती. खाली पाणी झालं तर ते माणसाच्या डोक्यावर पडायचा प्रश्न येत नाही.

आज उलटं आहे. रेल्वेच्या एसी डब्यात यंत्र छतावर बसतं. त्याखाली पाणी धरायचा ट्रे, ट्रेला नळ्या. नळीत धूळ-शेवाळ साचलं की पाणी वाट शोधतं आणि वरच्या बर्थवर टपकतं. ते व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी फॉरवर्ड केलेत. आपल्या पुसदला अजून रेल्वे नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्ग पुसदवरून जाणार, काम चालू आहे. तोवर पुण्याला जायचं तर स्लीपर ट्रॅव्हल्स. घाटात गाडी वळली की वरच्या खिडकीजवळच्या फटीतून गार पाण्याची धार मानेवर! मी एकदा पूर्ण रात्र टॉवेल दाबून धरला होता. हा तोच ट्रे. घरात ट्रे हलत नाही, गाडीत हलतो.

तर कॅम्परमध्ये पाणी होतं किती? आपण हिशेब करू. जुलैमध्ये तीस अंश तापमान आणि ऐंशी टक्के आर्द्रता असेल तर एक घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाणी असतं. आत २४ अंश आणि पंचावन्न टक्के हवं असेल तर १२ ग्रॅम. म्हणजे प्रत्येक घनमीटरमागं १२ ग्रॅम पाणी काढायचं. मित्राची खोली दहा घनमीटरची. दाराच्या, खिडकीच्या फटींतून हवा तासाला एकदा बदलली तरी १२० ग्रॅम. वर आम्ही तीन माणसं, श्वास आणि घामातून प्रत्येकी तासाला चाळीस-पन्नास ग्रॅम. आठ तासांत दोन लिटरच्या आसपास. ते सगळं आमच्या गादीत.

आणि मे महिन्यात? त्रेचाळीस अंश आणि वीस टक्के आर्द्रतेच्या हवेतही १२ ग्रॅमच पाणी असतं. म्हणजे वैशाखाच्या रखरखाटात, बाहेरून येणाऱ्या हवेतून काढण्यासारखं जवळपास काही नाहीच. एसीतून जे टपकेल ते मुख्यतः तुमच्याच श्वासाचं. म्हणून मित्रानं कॅम्पर एप्रिल-मेमध्ये तपासला तेव्हा सगळं छान चाललं होतं. विदर्भात एसीच्या पाण्याची परीक्षा उन्हाळ्यात घेऊच नका, ती मृगानंतर घ्या. आणि खरं सांगू? मेमध्ये कॅम्परला कूलर पुरतो, वीजही कमी खातो. पण लोकांना एसी मिरवायचा असतो.

त्या रात्री चुकलं काय, तर अगदी साधी गोष्ट. विंडो एसी किंचित मागं झुकलेला असावा लागतो, म्हणजे पाणी बाहेरच्या बाजूला जातं. तिथं बऱ्याच मॉडेल्समध्ये पंख्याला लागलेली कडी ते पाणी उचलून गरम कॉइलवर मारते आणि थोडं उडवूनही टाकते. एसी मागच्या भिंतीत होता. आम्ही जीप सोडवली, पुढचा जॅक घाईत जरा खालीच ठेवला. गाडीचं नाक खाली, शेपूट वर. एसीचा उतार उलटा झाला आणि पाणी निमूटपणे आत आलं. घराची भिंत एकदाच सरळ बांधायची असते, कॅम्पर दर मुक्कामी नव्यानं सरळ करावा लागतो. गवंडी वापरतो ती पाणसळ शंभर-दोनशे रुपयांत मिळते. आता ती त्याच्या ट्रॉलीत दाराजवळ खिळ्याला टांगलेली असते.

स्प्लिट किंवा छतावरचा एसी लावणार असाल तर भानगडी वेगळ्या. ट्रेला एकाच कोपऱ्यात भोक नको, दोन्ही बाजूंना ठेवा, गाडी कशीही कलली तरी एक भोक खाली राहतं. नळीला मीटरला सेंटिमीटरभर तरी उतार द्या. नळी भिंतीच्या पोकळीतून जात असेल तर तिच्यावर फोमचं आवरण हवंच, नाहीतर गार नळीला बाहेरून घाम येतो आणि पाणी गळत नसतानाही लाकूड कुजतं. नळीचं तोंड बादलीतल्या पाण्यात बुडवू नका, हवा कोंडून पाणी अडतं.

मोठ्या यंत्रांत आणखी एक खोडी असते. पंखा कॉइलच्या पलीकडून हवा ओढत असेल तर ट्रेपाशी दाब कमी असतो. मग नळीतून बाहेरची हवा आत खेचली जाते आणि पाणी ट्रेमध्येच तुंबतं. उपाय बेसिनखालचाच, नळीला यू आकाराचा वाक द्यायचा. वाकात पाणी उभं राहतं, हवा अडते, जादाचं पाणी वाहून जातं. पण विदर्भाच्या उन्हाळ्यात तो वाक कोरडा पडतो! म्हणून हंगामाच्या पहिल्या पावसाआधी ट्रेमध्ये मगभर पाणी ओतायचं. वाकही भरतो आणि नळी तुंबलीय का तेही तिथल्या तिथं कळतं.

जाता जाता, बरेच जण हे पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात. दिसायला ते डिस्टिल्ड वॉटरसारखं, पण कॉइलवरची धूळ आणि धातूचे अंश घेऊन येतं. झाडांना घाला, फरशी पुसा. बॅटरीत नको, पिण्याला तर नकोच. आणि डब्यात साठवलं तर आठवड्याला रिकामं करा. कोरडा दिवस पाळायचा नियम कूलरला आहे तोच याला, डासाला पाणी कुठल्या मशिनचं ते कळत नाही.

मित्रानं नंतर खालचे सगळे प्लायवूड काढले. नवीन फळी बसवायच्या आधी मी म्हटलं, एसीच्या खाली एक पत्र्याचं ताट ठेव आणि जमिनीतून आरपार नळी सोड, समजा पुन्हा चुकलोच तर. तो म्हणाला, "नव्या फळीले भोक पाडू? मन होत नाही ना बे." शेवटी ड्रिल मीच चालवलं. मागच्या श्रावणात पुन्हा त्याच शेतात मुक्काम केला, सकाळी उठून आधी ट्रॉलीखाली वाकून बघितलं. नळीच्या तोंडाखाली चिखलात वाटीएवढा खड्डा पडला होता, आणि त्यात शेतमालकाची कोंबडी निवांत पाणी पीत होती.