जायरोप्लेन परवाना : विमानचालकाची पुरवणी पात्रता

जायरोप्लेन परवाना, पुरवणी : हलके विमान चालवण्याचा परवाना असलेल्या चालकाने त्यावरच जायरोप्लेनची पात्रता मिळवणे. जायरोप्लेनमध्ये इंजिन फक्त पुढे रेटणारा पंखा फिरवते. डोक्यावरचा रोटर उड्डाणात इंजिनाला जोडलेला नसतो. खालून वर येणाऱ्या हवेच्या झोताने तो फिरत राहतो. अमेरिकेत फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशन (एफएए) रोटरवर तरंगणाऱ्या यंत्रांचा स्वतंत्र प्रवर्ग मानते आणि त्यात हेलिकॉप्टर व जायरोप्लेन असे दोन वर्ग करते. ज्याच्याकडे त्याच दर्जाचा विमानाचा परवाना आहे त्याला जायरोप्लेनसाठी पुन्हा लेखी परीक्षा द्यावी लागत नाही. हवामान, नकाशे, हवाई क्षेत्राचे नियम, रेडिओवरचे बोलणे हे सारे तो आधीच शिकलेला असतो, तेव्हा ही सवलत रास्तच आहे. हाताच्या कौशल्याला मात्र अशी सवलत देता येत नाही. विमानावर मुरलेला हात जायरोप्लेनमध्ये काही प्रसंगी नवशिक्याच्या हातापेक्षाही जास्त धोक्याचा ठरतो.

सुरुवातीला विमान आणि जायरोप्लेन यांच्यात एवढे अंतर नव्हते. स्पॅनिश अभियंता ह्वान दे ला सिएर्वा यांचे बाँबफेकी विमान १९१९ मध्ये जमिनीलगत वेग घटून स्टॉल झाले, म्हणजे पंखांची उचल गेली, आणि कोसळले. स्टॉल न होणारे यंत्र करायचेच, या ध्यासातून त्यांचे ऑटोजायरो, म्हणजे जायरोप्लेनचे पहिले रूप, जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळ उडाले. पुढच्या काही वर्षांतल्या ऑटोजायरोंना विमानासारखे आखूड पंख, एलेरॉन आणि शेपूट असे, त्यामुळे विमानचालकाला ती ओळखीची वाटत. तरीही अडचणी येतच. अमेलिया एअरहार्ट यांनी ८ एप्रिल १९३१ रोजी पिटकेर्न कंपनीच्या ऑटोजायरोतून १८,४१५ फुटांची उंची गाठली. पण त्याच वर्षी टेक्ससमधील ॲबिलीन येथे चढताना आणि पुढे डेट्रॉइट येथे उतरताना त्यांना अपघात झाले. ॲबिलीनच्या अपघाताचे कारण त्यांनी वावटळ हे सांगितले, आणि दोन अपघातांवरून सिद्धान्त मांडणे घाईचे होईल. एवढे मात्र दिसते की दोन्ही वेळा अडचण जमिनीजवळच आली. १९३०च्या दशकात सिएर्वांच्या सी.३० या यंत्रातून पंख गेले आणि स्टिक थेट रोटरलाच कलवू लागली. आजची जायरोप्लेने याच वळणाची आहेत. हातात स्टिक तीच, पण तिने हलते ते सर्वस्वी वेगळे.

विमानात नाक वर गेले, वेग घटला, की स्टिक पुढे सोडायची हे पहिल्या धड्यांपासून अंगवळणी पडते. जायरोप्लेनमध्ये स्टिक झटक्याने पुढे गेली तर रोटरवरचा भार उतरतो, त्याला फिरवणारा झोत तुटतो आणि फेरे घटू लागतात. त्यातच पंख्याच्या रेट्याची रेषा यंत्राच्या गुरुत्वमध्याच्या बरीच वरून जात असेल, तर रोटरची ओढ जाताच तो रेटा यंत्राला पुढच्या बाजूने उलथवतो. हे क्षणार्धात घडते आणि त्यातून सावरता येत नाही. दुसरी सवय सतत दुरुस्ती करण्याची. नाक खालीवर होऊ लागले की चालक प्रत्येक हेलकाव्याच्या मागे स्टिक हलवतो. त्याचा हात किंचित उशिरा पोचतो, म्हणून हेलकावा विरण्याऐवजी वाढतो. अशा वेळी थ्रॉटल कमी करून स्टिक स्थिर धरणे हाच उपाय असतो. यावर असा आक्षेप येतो की हा दोष यंत्राचा आहे, चालकाचा नव्हे. त्यात तथ्य आहे. ग्लासगो विद्यापीठात ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणासाठी झालेल्या संशोधनातून, गुरुत्वमध्य आणि पंख्याची रेषा यांच्यातले उभे अंतर स्थैर्यावर सर्वाधिक परिणाम करते, असे पुढे आले. हे अंतर कमी ठेवलेले, मोठ्या शेपटीचे यंत्र कितीतरी क्षमाशील असते. पण जुनी, घरी बांधलेली यंत्रे आजही विकली-घेतली जातात, आणि पुरवणी पात्रता एखाद्या चांगल्या यंत्रापुरती नसून अख्ख्या वर्गाची असते.

शिवाय जमिनीवर रोटर सांभाळण्याचे काम कोणतीही शेपूट करून देत नाही. टेकऑफच्या आधी चालक प्रिरोटेटरने, म्हणजे रोटरला आधीच गती देणाऱ्या यंत्रणेने, रोटर मिनिटाला साधारण दोनशे फेऱ्यांपर्यंत आणतो, स्टिक पूर्ण मागे घेतो आणि थ्रॉटल बेताने उघडतो. धावताना समोरची हवा फिरत्या पात्यांच्या मागे कललेल्या तबकडीतून वर निघते आणि फेरे वाढत जातात. नाकाचे चाक उचलले की स्टिक थोडी पुढे सोडून मागच्या दोन चाकांवर तोल धरायचा असतो. विमानचालकाची सवय थ्रॉटल पूर्ण उघडून वेगाकडे लक्ष ठेवण्याची. रोटरचे फेरे पुरेसे वाढण्याआधीच यंत्राने वेग घेतला, तर मागे जाणारे पाते स्टॉल होते, तबकडी मागे झुकते आणि पाती शेपटीवर किंवा धावपट्टीवर आदळतात. उतरल्यावरही तेच. विमानात चाके टेकून वेग ओसरला की पंखाची ताकद जाते. इथे यंत्र जागच्या जागी थांबले तरी रोटर जोरात फिरत असतो, म्हणजे पंख अजून उडतच असतो. अशा वेळी घाईने वळून धावपट्टी मोकळी करणारा चालक यंत्र कलंडवून घेऊ शकतो.

खासगी चालकाच्या दर्जावर एफएए एकूण ४० तासांचे उड्डाण मागते. त्यात प्रशिक्षकाबरोबरचे २० तास हवेत आणि एकट्याने १० तास, तेही जायरोप्लेनमध्येच. उरलेली बेरीज विमानातल्या तासांनी भरता येते. ही विभागणी योग्य वाटते. स्पोर्ट पायलट या हलक्या यंत्रांपुरत्या परवान्यासाठी २००४ पासून लागू झालेल्या नियमांत नव्या वर्गासाठी किमान तासांची अट नव्हती. एका प्रशिक्षकाने शिकवून शेरा द्यायचा आणि दुसऱ्याने कौशल्य तपासायचे. यावरून काहीजण म्हणतात की अनुभवी चालकाला थोडक्यात उरकता येते, हे नियमालाच मान्य आहे. पण किमान आकडा न लिहिणे म्हणजे थोडे तास पुरतात असे म्हणणे नव्हे. सवय मोडायला कुणाला किती वेळ लागेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून निर्णय तपासणाऱ्यावर सोपवलेला आहे. हजार तास विमान उडवलेल्याला इथे कोऱ्या माणसाहून जास्त वेळ लागला, तर त्यात कमीपणा काही नाही. तपासणाऱ्याने मात्र हवेतल्या वळणांपेक्षा टेकऑफची धाव आणि उतरल्यानंतरचे पहिले मिनिट अधिक बारकाईने पाहायला हवे.

पात्रता मिळाल्यानंतरच्या नियमांत एक विसंगती उरते. प्रवासी घेऊन उडायचे असेल तर मागच्या ९० दिवसांत त्याच प्रवर्गातल्या, त्याच वर्गातल्या यंत्रातून तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग केलेली असावी लागतात. विमानातली त्यासाठी धरली जात नाहीत. पण दर २४ महिन्यांनी द्यावयाचा उड्डाण-आढावा चालकाने विमानातून दिला, तरी तो जायरोप्लेनसाठीही पुरतो. वर्षभर विमानच उडवलेला हात अशा रीतीने कुणी न तपासता पुन्हा रोटरखाली जाऊन बसतो. दोन्ही पात्रता असलेल्यांनी निदान एकाआड एक आढावा जायरोप्लेनमधून द्यावा, अशी अट घालणे अवघड नाही, आणि ती घालायला हवी.