सातऱ्यावरच्या गारा

आधी पाय जपून टाका. खाली मिरची आहे, मिरचीवर गारा आहेत, आणि गारांचं पाणी लाल होऊन तुमच्या चपलेत शिरतंय. साल 2014, मार्चचा पहिला आठवडा. तुम्ही नागपूर जिल्ह्यातल्या मौद्यात, हायवेपासून थोडं आत, एका मिरची सातऱ्यावर उभे आहात. मघापर्यंत इथे जमिनीवर लाल मिरची पसरलेली होती. बायका ओळीने बसून देठ खुडत होत्या, ठसका लागून खोकत होत्या, आणि खोकता खोकता एकमेकींची थट्टाही करत होत्या. आता सगळ्या टिनाच्या शेडखाली दाटीवाटीने उभ्या. पन्नी ओढायला धावलेल्या दोघींच्या पाठीवर गारा बसल्यात. टिनावरचा आवाज थांबला तरी तुमचे कान वाजतायत.

एक गार उचला, दगडावर फोडा. आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतील, एक दुधाळ, एक नितळ. मार्चात जमीन तापलेली असते, वर मात्र हवा अजून थंडगार. तापलेली हवा जोरात वर चढते आणि पाण्याचे थेंब चार-पाच किलोमीटरवर, गोठणाऱ्या थरापलीकडे नेते. तिथे त्यांच्यावर बर्फाचे थर चढत जातात. खालून येणाऱ्या हवेला वजन पेलेनासं झालं, की ते आपल्या मिरचीवर येतं. या दिवसांत भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ हिमालयात उशिराचा बर्फ टाकतात. त्यांच्यामुळे सरकलेली थंड हवा आणि बंगालच्या उपसागरावरचं बाष्प यांची मध्य भारतावर गाठ पडली, की आमच्या वाट्याला हा बर्फ येतो. काश्मीरला तो चार महिने पुरतो. मौद्यात अर्ध्या तासात पाणी होतं आणि वर्षभर पुरतं.

धुऱ्यापर्यंत चला. बांध्यांमध्ये लाखोरी झोपली आहे, पलीकडे गहू आडवा झालाय. हरभऱ्याचे घाटे फुटून दाणे चिखलात पडलेत. आंब्याखाली मोहराचा सडा. आणि धुऱ्यावरचा पळस? निम्मी फुलं खाली पांढऱ्यावर केशरी पडलीत, निम्मी फांदीवर तशीच. कुणी मोबाइलवर फोटो काढतंय, ‘आमचं काश्मीर’ म्हणून. त्याला हसू नका. त्याच्याच बापाचा हरभरा आहे तो.

थंड मुलखात लोक बर्फ वितळून पहिलं फूल दिसायची वाट बघतात. इथे फूल कधीच येऊन बसलंय. पळसाला कुणाची परवानगी लागत नाही. शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते म्हणतात, ती शिवरात्रही 27 फेब्रुवारीला होऊन गेली. राहिलंय ते ऊन. वर्षातले निदान चार महिने ज्या उन्हाला नागपूरकर शिव्या घालतो, रुमाल बांधून आणि खिशात कांदा ठेवून ज्याच्यापासून पळतो, तेच ऊन या आठवड्यात मौद्याला पाहिजे आहे. गहू उभा राहायला, मिरची वाळायला, होळीसाठी थापलेल्या शेणाच्या चाकोल्या सुकायला. शेडखालची म्हातारी तुम्हाला विचारते, “काहो पाहुणे, उद्या ऊन पडन का?”

तुम्हाला उत्तर ठाऊक आहे, कारण तुम्ही पुढून आलात. गारांचा हा फेरा मार्चच्या मध्यापर्यंत चालणार आहे आणि राज्यातल्या 28 जिल्ह्यांना झोडपणार आहे. 5 तारखेला लोकसभेची निवडणूक जाहीर होईल, आचारसंहिता लागेल, आणि मदतीच्या घोषणेआधी निवडणूक आयोगाची परवानगी हा नवा विषय निघेल. मग चार हजार कोटींचं पॅकेज येईल. पावसाळा मात्र देशभर सरासरीच्या 88 टक्क्यांवरच अडेल. 2018 च्या फेब्रुवारीत विदर्भावर पुन्हा गारा पडतील. यातलं काय सांगणार तिला? “पडेल बहुतेक,” असं म्हणून तुम्ही मोकळे होता.

थोडं आणखी मागे जायचं असेल तर जा, पण फार थांबू नका. 1895. हायवेच्या जागी नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणारा ग्रेट ईस्टर्न रोड, बैलगाड्यांचा. वीज केंद्राच्या चिमण्या नाहीत. तलाठ्याऐवजी पटवारी, आणि गावाचा धनी मालगुजार. मध्य प्रांतात हिवाळ्याच्या शेवटी अवेळी पाऊस पडण्याचं हे लागोपाठ आणखी एक वर्ष. आभाळ हटत नाही, दमटपणा जात नाही, आणि गव्हावर, जवसावर तांबेरा धरलाय. पानावर बोट फिरवा, विटकरी भुकटी लागेल. कास्तकार किस्त भरायला सावकाराकडे जातोय. वर्ष-दीड वर्षात पाऊसच दगा देईल तेव्हा त्याच्या कोठीत काही नसेल. 1896-97 चा दुष्काळ इतका जबर बसला, त्यात या ओल्या फाल्गुनांचाही हात होता. या गारा नव्हत्या, नुसतं ढगाळ आभाळ होतं. उत्तरेला रामटेकची टेकडी दिसतेय. आषाढातल्या ढगाने तिला अमर केलं. फाल्गुनातल्या ढगावर कुणी काव्य केलं नाही ते का, हे इथे उभं राहिलं की कळतं.

परत या. 2014, दुसरा दिवस. वीज अजून आलेली नाही, आणि पलीकडे वीज केंद्राच्या चिमण्या निवांत धूर सोडतायत. तलाठी पंचनाम्याला बांधावर आलाय. तो उभं पीक मोजतो. सातऱ्यावरची मिरची उभं पीक नाही. ती तुटून, विकली जाऊन इथे आली, तिचं नुकसान सातरेवाल्याचं. बायकांची बुडालेली मजुरी तर कोणत्याच रकान्यात बसत नाही. मला या साऱ्या गारपिटीत सर्वांत जास्त खटकतं ते हेच. टीव्हीवर मोसंबी दिसली, गहू दिसला. देठ खुडणारी दिसली नाही.

दहाच्या सुमाराला ऊन पडतं. धड पडतं, सावली पडेल असं. सातरेवाला पन्नी काढतो, मिरची पातळ पसरायला सांगतो. पांढरी पडलेली वेगळी, काळे डाग पडलेली वेगळी, बरी वेगळी. बायका आल्यात, पण बसत नाहीत. मजुरी किलोवर आहे.

“ओली मिरची वजनाले भारी भरन,” तो म्हणतो, “फायदा तं तुमचाच हाय.”

“देठ तं निंगत नाई ना गा भिजलेल्याचा,” कालची म्हातारी म्हणते. “बोटं सोलतेत. किलोमागं दोन रुपये वाढव, मंग बसतो.”

“एक.”

“मंग तूच खुड.”