पेणचे बंदर आणि हमरापूरची वाट

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने गतकाळाविषयी चार शब्द लिहिण्याची आम्हांस आज्ञा केली. घराण्यांच्या वंशावळी मागील अंकांत येऊन गेल्याच आहेत. म्हणून ज्या वाटांवर आपल्या पूर्वजांचा संसार चालला, त्या वाटांचाच थोडा इतिहास सांगावा असे योजिले आहे.

हमरापूर म्हटले की आज गणपतीच्या मूर्ती डोळ्यांपुढे येतात. परंतु या खारेपाटाचा जुना व्यापार मीठ आणि भात यांचा. भोगावतीच्या खाडीवरील अंतोरे हे पेणचे बंदर. भरती साधून मचवे आत येत व माल भरून मुंबईस जात. मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर जाई. एका अंगास बंदर, दुसऱ्या अंगास घाट आणि मधोमध पेणची पेठ, हेच तिच्या भरभराटीचे मर्म होय. १८३० साली गव्हर्नर माल्कम यांच्या कारकीर्दीत बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला व बैलाच्या पाठीवरचे ओझे गाडीत आले. पुढे १८६३ साली आगगाडीने तोच घाट ओलांडला आणि देशावरचा माल परभारे मुंबईस जाऊ लागला. सुधारणा झाली खरी, पण ती आमच्या बंदरास वगळून झाली.

मुंबईहून आगबोटीने धरमतरास उतरावे व तेथून मोटारीने महाडकडे जावे, असा पुढे प्रघात पडला. १९२७ च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या सत्याग्रह परिषदेस निघाले, तेव्हा धरमतरच्या मोटारवाल्यांनी बहिष्काराची धमकी दिली. म्हणून ‘पद्मावती’ बोटीने हरिहरेश्वरावरून दासगावचा लांबचा मार्ग त्यांस पत्करावा लागला. बंदर होते, रस्ता होता. परंतु तो सर्वांचा नव्हता. ज्ञातीच्या स्मरणिकेत ही गोष्ट आवर्जून नोंदली पाहिजे असे आम्हांस वाटते.

पुढे मालमोटारी आल्या आणि मचवे मागे पडले. १९८६ साली रेल्वे रोह्यापर्यंत गेली. हमरापूरचे स्थानक याच मार्गावर आहे. १९८९ साली न्हावाशेवाचे बंदर सुरू झाले. हमरापूर, जोहे, तांबडशेत येथील कारखान्यांतल्या मूर्ती परदेशी जावयाच्या, त्या गणेशोत्सवाच्या कित्येक महिने आधीच पेटाऱ्यांत बंद होऊन बोटीवर चढतात. आपल्या पोरांनी मळलेली माती सातासमुद्रापलीकडे पुजली जाते, याचा आम्हांस अभिमान आहे.

मात्र मुंबईच्या मूर्ती आजही महामार्गानेच जातात. त्या मार्गाचे पनवेल ते इंदापूर रुंदीकरण २०११ साली हाती घेतले, आणि ते वर्षानुवर्षे रखडले. आमच्या एका भाच्याचा हमरापुरात कारखाना आहे. एका श्रावणात त्याने पेंढा भरून, मूर्ती नीट बसवून गाडी रवाना केली. पनवेल येईतो अकरा मूर्ती दुखावल्या. कोणाची सोंड, कोणाचा हात. भंगलेली मूर्ती कोण घेणार? वर्षाच्या कमाईतला मोठा घास गेला.

“मामा, आजोबांच्या मचव्यातून नेल्या असत्या, तर शाबूत पोचल्या असत्या,” असे तो म्हणाला. दिवाळीनंतर आम्ही त्यास अंतोऱ्यास घेऊन गेलो. तिवरांतून वाट काढीत खाडीच्या काठाशी पोचलो. भरती लागली होती. पण गाळ इतका साचलेला, की मचवा तरेल एवढे पाणी तेथे नव्हते.