मॉस्कोच्या मेजवानीतील परदेशी पाहुणा

यजमानाने पुढे केलेला पेला पाहुण्याने नाकारू नये, या रशियन संकेताचे कारण बहुधा तेथील कडाक्याच्या थंडीत किंवा लोकांच्या मोकळ्या स्वभावात शोधले जाते; परंतु सोळाव्या शतकापासून मॉस्कोला गेलेल्या परकीय वकिलांची वर्णने वाचली, तर हा संकेत राजाच्या पंगतीत घडला आणि तेथून घरोघरी उतरला, असेच मानावे लागते. पवित्र रोमन सम्राटाचा वकील म्हणून १५१७ आणि १५२६ मध्ये मॉस्कोला गेलेल्या झिग्मुंड फॉन हेर्बरस्टाइन याने १५४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लॅटिन ग्रंथात या पंगतीचा विधी बारकाईने नोंदवला आहे. टोस्ट देणारा माणूस दालनाच्या मध्यभागी उघड्या डोक्याने उभा राही, महाराजांसाठी आपण काय इच्छितो ते सांगे, पेला एका दमात रिकामा करी आणि त्यात थेंबही उरला नाही हे सर्वांना दिसावे म्हणून तो स्वतःच्या डोक्यावर उपडा धरी. अशा वेळी पेला नाकारणे म्हणजे राजाचे आरोग्य चिंतण्यास नकार देणे ठरे, आणि म्हणूनच ज्याला आणखी प्यायचे नसे त्याला झिंगल्याचे किंवा झोप लागल्याचे सोंग घ्यावे लागे.

याच ग्रंथातील दुसरी नोंद मात्र सहसा उद्धृत केली जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे. सामान्य प्रजेला बीअर आणि ‘म्योद’, म्हणजे मध आंबवून केलेले पेय, वर्षातील मोजक्या सणांखेरीज पिण्यास मनाई होती, आणि महाराज वासिली तिसरा याने आपल्या शरीररक्षकांसाठी नदीपलीकडे वेगळी वस्ती वसवली होती, ती त्यांना तेथे मोकळेपणाने पिता यावे म्हणून. वकिलांनी पाहिलेली मेजवानी हे दरबाराचे चित्र होते; ते साऱ्या देशाचे समजणे अन्यायाचे आहे.  

सतराव्या शतकात होल्श्टाइनच्या वकिलातीचा चिटणीस आडाम ओलेआरिउस याने श्रीमंत घरांतील आतिथ्याचे वर्णन केले. एरवी परपुरुषांसमोर न येणारी घरधनीण उत्तम वस्त्रे नेसून बाहेर येई, व्होडकाची लहान वाटी (‘चार्का’) स्वहस्ते पाहुण्याला देई आणि त्याला आपले चुंबन घेऊ देई. याहून मोठा मान यजमानाकडे देण्यासारखा नव्हता.

पीटर द ग्रेटच्या काळात मात्र या मानाला सक्तीचे रूप आले. १७१८ च्या फर्मानाने सुरू झालेल्या ‘असेंब्ली’ या स्त्रीपुरुषांच्या मिश्र संमेलनांत नियमभंगाची शिक्षा म्हणून ‘थोरला गरुड’ नावाचा प्रचंड चषक पाजला जाई, आणि उशिरा येणाऱ्याला आजही दंडाचा पेला (‘श्त्राफ्नाया’) दिला जातो त्याचे नाते या प्रथेशी असावे. डॅनिश वकील युस्ट यूल याने १७०९ ते १७११ या काळातील आपल्या रोजनिशीत लिहिले आहे, की पिण्याच्या आग्रहातून सुटण्यासाठी तो जहाजाच्या डोलकाठीवर चढला, तेव्हा स्वतः झार दातांत पेला धरून त्याच्यामागे वर आला, शेजारी बसला आणि तेथेच त्याला पाच पेले प्यावे लागले. परकीय वकिलाचीही जेथे ही गत, तेथे दरबारातील सामान्य सरदाराला नकाराचा मार्ग कितपत मोकळा असेल, हे सांगायला नको.

पुढे दरबार गेला, झारशाही गेली, १९१४ ची दारूबंदी आणि मे १९८५ चा गोर्बाचोव्ह यांचा मद्यविरोधी कायदाही येऊन गेला, तरी पंगतीची शिस्त टिकून राहिली. शब्दांवाचून पिऊ नये, प्रत्येक पेल्याबरोबर ‘झाकुस्का’ म्हणजे खारवलेली काकडी, हेरिंग मासा किंवा काळा पाव असे काही खावे, आणि रिकामी बाटली टेबलावर ठेवू नये, हे नियम आजही पाळले जातात. सैनिकांमध्ये तिसरा टोस्ट मृत साथीदारांसाठी असतो; तो उभे राहून, मौन पाळून घेतला जातो आणि त्या वेळी पेले एकमेकांना भिडवत नाहीत. परदेशी पाहुण्याने एवढे तरी अवश्य ध्यानात ठेवावे, आणि प्यायचे नसल्यास औषधाचे किंवा गाडी चालवण्याचे कारण पहिल्या पेल्याआधीच सांगावे. आजचा यजमान ते सहसा मान्य करतो.