कागदी विमानाची साक्ष



आजच्या विषयाचे नाव वाचून काही मंडळींस नवल वाटले असेल. कामगार चळवळीत उभा जन्म काढलेल्या माणसाने मजुरी, महागाई आणि बोनस यांवर बोलावे. कागदी विमानाशी त्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. आम्ही शाळा लवकर सोडली. पुढे जे शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या दाराशी. अशा रीतीने शिकणाऱ्यापुढे एक अडचण नेहमी उभी असते: अमुक गोष्ट खरी की खोटी, हे कोणाच्या शब्दावर ठरवावे? कागदी विमान कोणाचा शब्द मानीत नाही आणि कोणाची पदवी विचारीत नाही. नीट केले असेल तर तरंगते, नसेल तर नाकावर पडते. त्याची ही साक्ष माणसाच्या उड्डाणाच्या इतिहासात वेळोवेळी उपयोगी पडली आहे. तोच इतिहास आज थोडक्यात सांगावयाचा आहे.

प्रथम वस्तू डोळ्यांपुढे आणू. जेट विमानाच्या आकाराचे, पण इंजिनावाचून तरंगणारे छोटे ग्लायडर करावयाचे तर ड्रॉइंगचा जाड कागद, कात्री आणि खळ एवढे साहित्य पुरते. कागदाचे तीन-चार थर एकावर एक चिकटवून चपटे धड करावे आणि ते वजनाखाली दाबून पुरते वाळू द्यावे. पंख मागे झुकलेले, जेटसारखे कापावेत. कागद एका दिशेने सहज वळतो, दुसऱ्या दिशेने ताठ राहतो. ताठ बाजू पंखाच्या लांबीत घ्यावी. दोन्ही पंखांची टोके किंचित वर उचललेली असावीत, म्हणजे विमान एका अंगावर कलले तरी आपोआप सावरते. नाकाशी पुठ्ठ्याचे आणखी तुकडे डकवून वजन वाढवावे. मग दोन बोटांवर तोलून पाहावे. तोल पंखाच्या पुढल्या भागात आला पाहिजे. विमान वर उसळून, थबकून खाली कोसळले तर नाक हलके आहे असे समजावे. सरळ खाली घुसले तर आडव्या शेपटीची मागली कड केसभर वर वळवावी. आपल्या रत्नागिरीत हा प्रयोग सकाळी, समुद्रावरचा वारा सुटण्यापूर्वी करावा. वाऱ्याचे बळ पाहावयाचे असेल, तर दुपारी रत्नदुर्गाच्या कड्यावर उभे राहून घारी पाहाव्यात. समुद्रावरून आलेला वारा कड्यावर आपटून वर चढतो आणि घार पंख न हलवता त्यावर तरंगत राहते. इंजिनावाचून उडण्याचे सारे शास्त्र तेथे उघड्यावर मांडलेले आहे.

हे शास्त्र प्रथम नीट वाचले ते इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या सर जॉर्ज केली या जमीनदाराने. पक्ष्याचा पंख एकाच वेळी उचलण्याचे आणि पुढे ढकलण्याचे काम करतो. ही दोन कामे वेगळी करावीत, पंखाने फक्त उचलावे, हा विचार त्याने मांडला. १८०४ साली त्याने सुमारे ५ फूट लांबीचे ग्लायडर केले. त्याचा पंख म्हणजे काठीवर बसविलेला कागदी पतंग. मागे हलविता येणारी शेपटी होती आणि पुढे तोल साधण्यासाठी सरकते वजन. आजच्या विमानाची सारी ठेवण त्या पतंगात आली होती. संक्रांतीला आपली मुले जो कागद आभाळात चढवितात, त्याच जातीच्या कागदाने माणसाला हा मार्ग दाखविला.

पुढे केलीने मोठी ग्लायडरे केली. १८४९ साली सुमारे १० वर्षांचा एक मुलगा त्यांतल्या एकात बसून जमिनीवरून उचलला गेला. १८५३ साली केलीच्या गाडीवानाने ब्रॉम्प्टन येथील दरी ओलांडली. उतरल्यावर तो म्हणाला की, आपल्याला गाडी हाकण्यासाठी ठेवले आहे, उडण्यासाठी नव्हे, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, एक गोष्ट आम्हांस बोचते. जमीनदाराचे नाव, गाव, जन्म, मृत्यू सारे इतिहासाला ठाऊक आहे. मुलाचे नाव कोणी लिहून ठेवले नाही आणि गाडीवानाच्या नावाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. ज्यांनी जीव धोक्यात घातला त्यांची नावे पगारपत्रकातसुद्धा सापडू नयेत, हा प्रकार गिरणीच्या आणि गोदीच्या माणसांना नवा नाही.

यानंतर पॅरिसचा आल्फाँस पेनो. १८७१ साली त्याने रबराच्या पिळावर चालणारे छोटे विमान सर्वांदेखत ११ सेकंद उडवून दाखविले. त्याच्याच धर्तीचे बांबू, बूच आणि कागद यांचे एक उडते खेळणे १८७८ साली अमेरिकेतील एका धर्मोपदेशकाने आपल्या मुलांना आणून दिले. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्विल राइट. पुढे दोघांनी सायकलचे दुकान चालविले. दोघांपाशीही शाळेची अखेरची सनद नव्हती. जुन्या पुस्तकांतील आकडे जुळेनात, तेव्हा १९०१ साली त्यांनी लाकडी पेटीत पंखा बसवून पंखांचे दोनशेच्या आसपास लहान नमुने स्वतः तपासले. १९०३ च्या विमानाचे इंजिन त्यांच्या दुकानातील कारागीर चार्ली टेलर याने सहा आठवड्यांत केले. हा टेलर १९५५ साली लॉस एंजेलिसच्या एका रुग्णालयात, गरिबांच्या वॉर्डात होता. पुढल्या वर्षी तो वारला.

आता घरच्या गोष्टीकडे वळू. १८९५ साली मुंबईत चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी 'मरुत्सखा' नावाचे विमान उडविले, असे आपल्याकडे अभिमानाने सांगतात. त्या काळी आपल्या जिल्ह्यातील हजारो माणसे त्याच मुंबईच्या गिरण्यांत राबत होती. असा पराक्रम एका मराठी माणसाने केला असता तर त्याचा आनंद आम्हांस कोणाहून कमी झाला नसता. परंतु त्या यंत्राचे मोजमाप, त्या वेळचा आराखडा किंवा पुन्हा उडवून पाहता येईल असा नमुना आजवर पुढे आलेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचा आधार अशा चर्चेत दिला जातो, तो बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील पाच शास्त्रज्ञांनी १९७४ साली तपासला. ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकातला आहे आणि त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा निर्वाह त्यांनी दिला. तरीही २०१५ च्या जानेवारीत मुंबईला भरलेल्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांचा विषय पुन्हा निघालाच. तळपदे यांच्या धडपडीला आमचा नमस्कार आहे. पण धडपडणाऱ्याचा मान ठेवणे वेगळे आणि न तपासलेली गोष्ट मुलांना इतिहास म्हणून शिकविणे वेगळे.

अभिमानच हवा असेल तर तपासलेली गोष्ट आपल्यापाशी आहे. जर्मन तज्ज्ञ कुर्ट टँक यांच्या देखरेखीखाली बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात एचएफ-२४ 'मारुत' या लढाऊ जेट विमानाची आखणी झाली. इंजिन बसविण्यापूर्वी त्याच आकाराचे पूर्ण मापाचे लाकडी ग्लायडर तयार केले गेले. १९५९ साली डकोटा विमानाने ते ओढून वर नेले, सोडून दिले, आणि ते तरंगत खाली आले. नाव जेटचे, अंग लाकडाचे, बळ वाऱ्याचे! आपले कागदी जेट जे करते तेच त्याने मोठ्या मापात केले. मग १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी खरे जेट उडविले. १९७१ च्या युद्धात ही विमाने राजस्थानच्या सीमेवर लढली. मनाजोगते जोरदार इंजिन त्यांना कधीच मिळाले नाही, हेही सांगितले पाहिजे. तरंगणारा आकार विमानाचा पाया असतो, सारे विमान नव्हे. पुढे १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला आणि विमान बांधणे हे मराठी कामगाराच्या रोजच्या पाळीचे काम झाले.

या इतिहासातून आम्ही दोन मागण्या मांडतो. मागण्या मांडण्याची आमची सवय आपणांस ठाऊकच आहे. पहिली अशी की, शाळेच्या प्रत्येक वर्गात महिन्यातून एक तास मुलांच्या हाती कागद, कात्री आणि खळ द्यावी. विमान पडले तर मास्तरांनी ओरडू नये. ते का पडले हे मुलालाच शोधू द्यावे. दुसरी अशी की, ज्यांनी यंत्र केले, ज्यांनी ते प्रथम उडविले, त्यांची नावे मालकाच्या नावाशेजारी लिहिली जावीत. उद्या आपल्या गावात काही नवे घडले तर गाडीवानाचे नाव हरवू देऊ नका.