वर्तुळात मावलेली राज्ये

आलेखातल्या आकृतीचा आकार संख्येशी कसा बांधायचा, हा प्रश्न संगणकाहून बराच जुना आहे. १८०१ साली लंडनमध्ये विल्यम प्लेफेअरचे ‘स्टॅटिस्टिकल ब्रेव्हिअरी’ प्रसिद्ध झाले. त्यात युरोपातील प्रत्येक देशासाठी एक वर्तुळ होते. देशाचा जसा विस्तार, त्या प्रमाणात वर्तुळाचे क्षेत्रफळ. हिंदुस्थानातील सत्तांची तशीच मांडणी पुस्तकाला जोडली होती. पुण्यात तेव्हा दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई चालू होती.

दुप्पट संख्येसाठी व्यास दुप्पट केला, तर वर्तुळ चौपट जागा व्यापते. प्लेफेअरने हा मोह टाळला. पण वर्तुळाच्या डावीकडे त्याने लोकसंख्येची आणि उजवीकडे करउत्पन्नाची उभी रेघ काढली, दोन्हींची टोके तुटक रेघेने जोडली आणि तिच्या तिरकेपणावरून ब्रिटनच्या प्रजेवर करांचा बोजा जड असल्याचे सुचवले. गोम इथेच आहे. रेघ चढणार की उतरणार, हे विस्तारावर ठरत नाही. ती किती तीव्र दिसणार, हे मात्र वर्तुळाच्या व्यासावरही ठरते. रशियासारख्या अवाढव्य देशाची रेघ लांबते आणि सपाट होते, लहान देशाची खडी दिसते. शिवाय एका बाजूला माणसे, दुसऱ्या बाजूला पौंड! करांविषयीचे त्याचे म्हणणे खरे असेलही. ते चित्र त्याचा पुरावा ठरत नाही.

पुढे ऑटो नॉयराथने १९२५ मध्ये व्हिएन्नात संग्रहालय उभे केले, तेव्हा चिन्ह मोठे करण्याचा खटाटोपच सोडला. जास्त संख्येसाठी तेच चिन्ह त्याच मापात पुन्हा पुन्हा मांडायचे. मला हा उपाय सर्वांत प्रामाणिक वाटतो, पण नकाशावर तेवढी जागा कुठली?

क्षेत्रफळ अचूक ठेवूनही अडचण उरतेच, कारण मोठे वर्तुळ डोळ्याला आहे त्यापेक्षा लहान भासते. भूगोलतज्ज्ञ जेम्स फ्लॅनरी यांनी १९७१ मध्ये त्यावर दुरुस्ती मांडली. दहापट संख्येसाठी हिशेबाने त्रिज्या ३.१६ पट हवी. त्यांच्या सूत्राने ती सुमारे ३.७ पट होते. पट्टीने मोजणाऱ्याला ही अतिशयोक्ती वाटेल.

आर्कजीआयएस या नकाशांच्या प्रणालीत फ्लॅनरींची दुरुस्ती एका पर्यायाच्या रूपाने नांदते. एक्सेलच्या बबल चार्टमध्ये तर क्षेत्रफळ की रुंदी, अशी सरळ निवड आहे. रुंदी निवडली की प्लेफेअरने टाळलेला चौपटीचा खेळ एका टिचकीत सुरू होतो. वृत्तपत्रात छापलेल्या आलेखाखाली ही निवड क्वचितच नोंदलेली दिसते.